सातव्या तळ्याचा आवाज

कोळंबी जेवते तेव्हा आवाज होतो.
टिक्. टिक् टिक्.
सुकी शेंग दाताखाली फुटावी, तेवढाच.
पाण्यात सोडलेला माईक तो ऐकतो
आणि काठावरचं यंत्र मूठभर दाणे उडवतं,
भूक असेल तेवढेच.

माझं काम रात्री हेडफोन लावून बसायचं.
ग्वायाकिलच्या आखातात चौदा तळी,
मधून मातीचे बांध,
पलीकडे खाडी, आणि कांदळवनातलं
आम्ही तोडायचं राहिलं ते.

बाबांना हे पटत नाही.
होल्गर मोरेइरा, एकवीस वर्षं
होडीतून फावड्याने खाद्य फेकलेला माणूस.
"ऐकून कुणी वाढतं का, मारिउक्सी?
वाढायचं तर सढळ हाताने."

सढळ हाताने.
पेरू देशाच्या थंड पाण्यातल्या मासोळ्या,
बोटाएवढ्या, वाळवून कुटलेल्या,
पोत्यांवर पोती यायची.
तिकडचा समुद्र खरवडून
इकडे आम्ही जेवणावळी घातल्या.
जे खपलं नाही ते तळाशी बसलं,
काळं पडलं, नासक्या अंड्यासारखं घमघमलं.
आई भांडी घासता घासता म्हणाली होती,
उष्टं साठवाल तर घर वास मारेल.
तिच्यापाशी माईक नव्हता.

मग मांचा ब्लांका आली.
मी नऊ वर्षांची.
बाबांनी एक कोळंबी तळहातावर घेऊन
कंदिलासमोर धरली:
पाठीच्या कवचात पांढरे ठिपके,
मीठ सांडल्यासारखे. मी बोटाने पुसून पाहिले.
ते आतून होते.
औषध नव्हतं. आजही नाही.

त्याआधी दोन दिवस खाद्याच्या ताटल्या
भरलेल्याच वर येत होत्या
आणि बाबा म्हणत होते, पोरींची पोटं भरलेली दिसतात.
तिसऱ्या दिवशी पेलिकन आले.
त्यांना आवतण लागत नाही.
त्या वर्षी शेजारच्या एउलोहियोने पंप विकला,
जाळी विकली, आणि स्पेनला म्हाताऱ्यांची
अंथरुणं बदलायला गेला.
त्याचं तळं अजून तसंच आहे, फुटक्या बांधाचं.
त्यात आपोआप कांदळ उगवलंय.

आता दाणे वेगळे.
सोयाबीन, भाताचा कोंडा, माशीच्या अळ्यांची भुकटी.
बाबा चिमूट जिभेवर ठेवून थुंकतात:
"याला समुद्राची चव नाही."
नाही, बाबा. नाहीच आहे.

आज जून. धुकट, गार.
पाणी चोवीस अंशांवर आलंय
आणि गारव्यात ती बळावते.
पहाटे तीन वाजून दहा मिनिटं.
सातव्या तळ्यात टिक्.
बऱ्याच वेळाने, टिक्.
मग काही नाही.

आवाज वाढवला.
पंपाची घरघर ऐकू आली, एक खेकडा,
माझ्याच कानातलं रक्त.
अन्नावरची वासना उडाली, म्हणतात ना,
ती पाण्याखाली अशी उडते.
कुणी कण्हत नाही. ताट तसंच राहतं.

बाबांना उठवलं.
बनियनवर आले, हेडफोन उलटा घातला,
मी सरळ केला.
किती तरी वेळ बसून राहिले,
अंगठ्याने गुडघा दाबत.

"हेच होतं तेव्हा," म्हणाले.
"मी फेकत होतो म्हणून ऐकू आलं नाही."

मग एकदम उठले:
सातची मोरी बंद कर. बूट बदलून जा.
जाळं इकडचं तिकडे नेऊ नकोस.
पक्ष्यांसाठी दोऱ्या ताण.
मी बॅटरी घेऊन बांधावर गेले, ताटली ओढली.
दाणे फुगून बसलेले, एकही कुरतडलेला नाही.
बाटलीत पाच कोळंब्या घेतल्या. दिव्याखाली
ठिपका दिसला का? एकीत दिसल्यासारखा वाटला.
प्रयोगशाळा आठला उघडते.

परत आले तर बाबा तिथेच,
बटण आठव्या तळ्यावर फिरवलेलं,
डोळे मिटलेले, ओठ हलताहेत.
प्रार्थना असेल म्हणून दारातच थांबले.
मोजत होते.
"एकवीस, बावीस..." हात वर करून
मला गप्प राहायला सांगितलं,
"इथे अजून जेवताहेत."