साधर्म्य : एकतीस टक्के

वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल आला रात्री सव्वाअकराला,
कोपरखैरण्याच्या खोलीत, उद्याच्या डब्याचे चणे भिजत घालताना.
माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण
ठिकठिकाणी लाल, पिवळं, जांभळं,
कुणी घाईत हळदीकुंकू उरकल्यासारखं.
साधर्म्य : एकतीस टक्के.
चालतात दहा.

सबनीस मॅडम फोनवर म्हणाल्या,
"चोरी केलीत असं नाही म्हणत मी. पण वाक्यं बदला.
प्रगती अहवाल तोंडावर आलाय,
आणि तुमची ही मुदतवाढ शेवटची."

लाल ओळी एकेक उघडून बघितल्या.
यंत्रानं मला जिच्याशी जुळवलं होतं
ती मीच होते,
बारा वर्षांपूर्वीची, संस्थेत नोकरीला,
पगार साडेसात हजार, वर रिक्षाभाडं.
तेव्हा तिथे दगड फुटत होता.
बायका म्हणाल्या होत्या :
टँकर आठवड्यातून दोनदा येतो, कधी येतच नाही.
आता खाण बंद, क्रशरच्या तोंडात पिंपळ उगवलाय,
बायका सकाळी सातला नाक्यावर उभ्या राहतात,
आणि म्हणाल्या आहेत :
टँकर आठवड्यातून दोनदा येतो, कधी येतच नाही.
शब्दाला शब्द.
स्वल्पविरामसुद्धा तोच. तो मात्र माझा.

रविवारी तुर्भ्याला गेले, डोंगर कापलाय त्या अंगाला,
जिथे आत वळायला रिक्षावाले नाही म्हणतात.
दुर्गव्वा दारात बसून सुतळीनं चप्पल शिवत होती.
माझ्या तक्त्यात ती सतरा नंबरची उत्तरदाती,
वय अंदाजे पंचावन्न, शिक्षण निरंक,
संमतीपत्रावर अंगठा, अंगठ्यात रेषा नाहीत,
दगडानं नेल्या. रेशनच्या मशीनलाही ती सापडत नाही.

म्हटलं, "दुर्गव्वा, ते पाण्याचं
जरा वेगळ्या शब्दांत सांगशील?"
तिनं दाभण थांबवला.
"पानी वेगळं आलं न्हाई की गं बाई,
मग वेगळं सांगू कसं?"
आणि हसली. सुनेला हाक मारून पुन्हा सांगितलं,
सुनेनं पलीकडच्या दोघींना.
सगळ्या हसल्या. मीही.
बारा वर्षांत इथे
मी पहिल्यांदाच काहीतरी विनोदी विचारलं होतं.

"त्ये पुस्तक झालं की तू डाक्टर व्हनार?"
"हो. समाजकार्याची. सुई न टोचणारी."
"मग कशाची गं?"

तेवढ्यात हॉर्न.
रविवारी येत नाही, आला.
चप्पल, दाभण, मी, सगळं तिथेच टाकून बायका पळाल्या.
मागून मीही. पाइप माझ्या हातात आला
कारण ड्रमांपाशी सगळ्यांत उंच मी.
ओढणी चिंब, चष्म्यावर पाणी,
आणि दुर्गव्वा ओरडतेय,
"वर धर, वर, डाक्टरीनबाई, सांडतंय!"

रात्री रेकॉर्डर ऐकला. बंद करायचा राहिला होता.
चौदा मिनिटं :
रिकाम्या पत्र्यावर पाणी,
मग पाण्यावर पाणी, भरत भरत जाड होत गेलेला आवाज,
एक शिवी, हंडा आपटल्याचा,
कुठेतरी एक तान्हं.

मॅडमच्या सांगण्यावरून बायकांची वाक्यं
अवतरणचिन्हांत घातली.
अवतरणातलं यंत्र मोजत नाही.
एकतीसाचे सहा झाले.
"बघा, किती सोपं होतं," त्या म्हणाल्या.
होतं खरं. दोन्ही बाजूंना दोन-दोन आकडे,
आणि आतलं कुणाच्याच हिशेबात नाही.

ती चौदा मिनिटं मात्र तशीच पडून आहेत.
परिशिष्टात घालावीत, तर कोणत्या मथळ्याखाली?
तारीख लिहिलीय, वेळ लिहिलीय,
समोर मजकुराचा रकाना.
आणि त्यांच्या आधी, हॉर्नच्या अगदी आधी,
"मग कशाची गं?"
नंतर तीन सेकंद,
माझ्या उत्तराचे.