आज काय कळलं नाही?

जूनमधली संध्याकाळ. कॉलेजच्या हॉलमध्ये
पालकांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या,
आणि मी बस कंपनीच्या शर्टातच,
हेशमची फेरी संपवून थेट आलेला.
रोरी माझ्यापेक्षा चार बोटं उंच झालाय.
आमच्यामध्ये एक खुर्ची रिकामी. त्यानेच सोडलेली.

सिक्स्थ फॉर्मच्या मिसेस ओयेलारन म्हणाल्या,
"विषय तीनच, म्हणून सोपं वाटेल.
मधले तास मोकळे असतात,
मुलं त्याला सुट्टी समजतात.
ऑक्टोबरपर्यंत समजतात."
लोक हसले.
मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली,
मोकळा तास म्हणजे काय, मला कुठून ठाऊक?

बाई सांगत गेल्या:
वर्गात जितके तास, तितकेच घरी;
फाइलमध्ये विषयागणिक रंगीत पुठ्ठे;
शनिवारची नोकरी करा, पण शनिवारचीच.
मी तिकिटाच्या रोलवर उतरवून घेत होतो,
कागद गुडघ्यावरून घरंगळत
पुढच्या बाईंच्या पर्सपर्यंत पोचला.
रोरी खिडकीकडे बघू लागला.

"काही शंका?"
पोटात गोळा आला, तरी हात वर गेला.
"बाई, मला केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नाही.
मी घरी करायचं काय?"

रोरीचे कान लालबुंद.
त्या जरा थांबल्या.
"'अभ्यास झाला का' असं विचारू नका.
त्याचं उत्तर 'हो' असतं, कुठल्याही घरात.
रोज एवढंच विचारा, आज काय कळलं नाही?
आणि मग गप्प बसा."

विचारणं जमलं.
गप्प बसणं, देवा, गप्प बसणं!

सप्टेंबरमध्ये उत्तर होतं, "काही नाही."
ऑक्टोबरमध्ये, "सगळं कळलं," आणि दार.
मॉरीन म्हणाली, "पुरे आता, पोराला जेवू तरी दे."

नोव्हेंबरात एकदा डेपोत बस झाडताना
वरच्या मजल्यावर, शेवटच्या सीटच्या फटीत
आठ घड्या घातलेला कागद सापडला.
केमिस्ट्री. लाल शाईत ई.
नाव आमचंच, थ्रेलफॉल.
घड्या होत्या तशा घातल्या,
कागद खिशात ठेवला. अजून आहे.

त्या रात्री मासे थंड होत होते.
नेहमीच्याच आवाजात विचारायचं ठरवलं, तरी आवाज चिरकला.
रोरीने काटा खाली ठेवला.
"सगळंच," म्हणाला. "मोलपासून पुढे सगळंच."
"मोल म्हणजे?"
"मोजायचं माप. डझनासारखं."
"अंड्यांच्या?"
"अंडी नाहीत, डॅड. अणू.
सहावर तेवीस शून्यं, इतके."
मी बोटांवर शून्यं मोजू लागलो, बोटं संपली,
मॉरीनने तिची पुढे केली.
तो सांगत राहिला, मिठाच्या डबीवर बोट ठेवून,
आणि मध्येच थांबला.
"इथे," म्हणाला. "इथेच माझं घोडं अडलंय."

माझे वडील मोरकॅमच्या खाडीत
ट्रॅक्टरने कोळंबी धरायचे.
वाळूत फांद्या रोवून वाट आखायचे, म्हणायचे,
कालची वाट आज धरलीस तर रुतशील.
मी त्यांच्याबरोबर कधी गेलो नाही.
त्यांनीही विचारलं नाही, का.

दुसऱ्या दिवशी सातची बस.
पहिला तास मोकळा असूनही रोरी चढला,
वर न जाता माझ्या मागच्या सीटवर बसला,
मांडीवर फाइल, पुठ्ठे अजून कोरे.
स्काले ब्रिजच्या सिग्नलला काचेवर टकटक केली.
"आणि तुला? आज काय कळलं नाही?"

मी आरशात पाहिलं. सिग्नल हिरवा झाला होता,
मागचा व्हॅनवाला हॉर्न वाजवत होता.

"मोल," मी म्हटलं.