हैम्याचा थांबा

मस्कत सोडून साडेपाचशे किलोमीटर झाले
की सलालाची बस हैम्याला दमते.
रात्रीचे दोन. तफज्जलच्या कॅफेटेरियात करक चहा,
अंड्याचा पराठा, भिंतीवर
मागच्या वर्षाचं कॅलेंडर, मार्चवर अडलेलं.
वीस मिनिटं. मग बस जाते
आणि गाव मागे राहतं, टक्क जागं.

मी बसमधून उतरलो तो कामासाठी.
मंत्रालयाच्या कंत्राटदाराच्या कंत्राटदाराचा माणूस.
धोरण आलंय : जिथं काहीच पोचत नाही
तिथवर रूळ न्यायचे.
चांगलं धोरण आहे, मी वाचलंय,
गुळगुळीत कागद, नकाशावर निळी रेघ.
माझ्या वाट्याला त्यातलं एकच पान आलं,
रकान्यांचं.

रोज किती जण प्रवास करतील?
कशासाठी? किती भाडं परवडेल?

नर्स जेसम्मा म्हणाली, दोन वर्षांतून एकदा, विमानतळावर.
रकाना 'रोज'चा होता. मी आडवी रेघ मारली.
पंपावरचा पोरगा म्हणाला,
रेल्वे आली तर माझ्याकडे डिझेल कोण भरणार?
हे लिहायला जागाच नव्हती.
मुसल्लम अल हरसूसीनं पेला खाली ठेवला.
बायकोचं डायलिसिस, निजवाला, आठवड्यातून तीनदा,
जाऊन-येऊन सातशे किलोमीटर.
मी खूश होऊन आकडा मांडला. इतका भरगच्च रकाना
अख्ख्या गावात मिळाला नव्हता.
म्हणजे अजूनही तीनदाच ना? मी विचारलं.
आता नाही, तो म्हणाला. जूनपासून नाही.

पेन्सिल हातातच राहिली.
आकडा खोडून शून्य केलं.
मग शून्यही खोडलं.

मी बीडकडचा. आमच्याकडे रूळ यायच्या आधी
रुळांच्या बातम्याच पिढ्यान्‌पिढ्या येत राहिल्या.
माझे चुलते गेनूतात्या
दर मोजणीला मोजणीदारांना ताक पाजायचे.
साहेब बदलले, साखळी जाऊन दुर्बीण आली,
ताक तेच, तांब्या तोच.
आम्ही निवेदनात लिहायचो : थांबा द्या.
वरून उत्तर यायचं : थांबा.
मागणं आणि टाळणं एकाच शब्दात भागवणारी
आमची काटकसरी भाषा.
आणि आता तफज्जलनं पुढे केलेला चहा पिणारा
मोजणीदार मी.
हे मुसल्लमला अरबीत सांगता येईना.
मी चहा संपवला फक्त.

चल, म्हणाला तो. पिकअपचं दार उघडलं.
डांबर सोडून उजवीकडे,
एका फुटक्या टाकीपासून पुढे, मग नुसताच अंधार,
आणि हेडलाइटमध्ये एकदम पांढरे दगड.
हाता-हाताच्या अंतरानं, सरळ ओळीत.
वाळवंटात नमाजापुरती मशीद आखतात तसे,
भिंत नाही, छप्पर नाही, नुसती हद्द.

रसीफ, तो म्हणाला. फलाट.
नकाशातली रेघ इथूनच जाते ना?
मी मान हलवली. रेघ इथून जात होती
की नऊ किलोमीटर पलीकडून, मला माहीत नव्हतं.
हे मार्चमध्ये लावले, तो म्हणाला.
आणि इथे दोन दगड मुद्दाम सोडलेत,
चाकांची खुर्ची…
तिथं त्याचं वाक्य संपलं.

मी चालत दगड मोजले. हात सवयीचे गुलाम.
एकशे ब्याऐंशी. दोन जागा मोकळ्या.
पानाच्या तळाशी 'इतर शेरा' होता, दोन ओळींचा.
तिथं मात्र पेन काढलं, बॉनेटवर कागद टेकवला
आणि माझ्या मोडक्या अरबीत लिहिलं :
फलाट तयार आहे. गाडीचं बघा.

मुसल्लमनं मोबाइलच्या उजेडात वाचलं,
एका अक्षराखाली राहिलेला नुक्ता दाखवला.
मग परत जाताना, न थांबता,
जरासा तिरपा झालेला एक दगड
पायानं ओळीत सारला.