सातवी ब

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी
पावशेर फाटकाशी हजर असतो.
घंटेच्या आधी, माझ्या आधी,
शिपाई धोंडूमामांच्याही आधी.
एका कानाचं टोक कापलेलं,
नसबंदी झाल्याची पालिकेची खूण.
दुसरा कान पूर्ण आहे, तो परिपाठाला उभा राहतो.

माझ्या पिशवीत दोन लाल पेनं,
तपासायच्या एकोणचाळीस वह्या,
एका डब्यात पोळी-भाजी
आणि झाकण ढिलं झालेल्या दुसऱ्या डब्यात
उकडलेल्या कलेजीचे तुकडे.
मागच्या महिन्यात तो डबा
अपूर्णांकांवर सांडला.
दक्षताच्या आईची चिठ्ठी आली :
बाई, वहीला मुंग्या लागतायत.
मी नवी वही घेऊन दिली.
मुंग्यांना काही बोलले नाही.

स्टाफरूममध्ये मला थेट कुणी काही म्हणत नाही.
नाडकर्णी सर फक्त खुर्चीवरचा केस
चिमटीत धरून उजेडात बघतात,
पुरावा बघावा तसा.
परिपत्रक आलं : आवारात भटकी जनावरं नकोत.
वाचलं, समजलं, सही केली.
टेबलाखाली माझ्या पावलावर हनुवटी टेकून
पावशेरही ऐकत होता.

नाव मुजम्मिलनं ठेवलं.
पिल्लू वाण्याच्या तराजूत घातलं तेव्हा
साडेसातशे ग्रॅम भरलं.
मी म्हटलं, अरे, हे पाव नाही, पाऊण.
तो म्हणाला, बाई, मोठा झाला की दुरुस्त करू.
अख्ख्या वर्षात तो माझ्याशी बोललेलं
सगळ्यात लांब वाक्य.

रोज साडेबाराला, खिचडीचं ताट धुऊन,
दोघं पार्कसाइटचा चढ चढायचे.
मग अकरा दिवस पावशेर एकटाच गेला.
हजेरीपटावर अकरा गै.
सगळे पेन्सिलनं.
फोन लावला : हा क्रमांक अस्तित्वात नाही.
ऑनलाइन रकाना म्हणतो, कारण निवडा :
स्थलांतरित. शाळाबाह्य. इतर.

बाराव्या दिवशी मी पावशेरच्या मागून निघाले.
पाण्याच्या पाइपाच्या कडेकडेनं,
गिरणीपाशी मला पिठानं ठसका लागला
तर तो थांबला, मागे वळून पाहिलं,
ढ मुलासाठी मी थांबते तसा.
वर, शेवटच्या वळणावर,
जिथे घर नव्हतं तिथे जाऊन बसला.
निळ्या फरशीचा तुकडा उरला होता फक्त,
मोरीचा असावा. त्याच्यावर.
शेपटी पायांभोवती नीट गुंडाळून.

समोरची बाई भांडी घासता घासता म्हणाली,
पाडलं ना. माहुलला गेले सगळे.
कुत्र्याला टेम्पोत घेईनात.
पोरानं रडून रडून घसा बसवून घेतला,
शेवटी कुत्र्याच्या कानात काय सांगितलं
ते त्यालाच विचारा, बाई.

सजीवांची लक्षणं मी दरवर्षी फळ्यावर लिहिते :
हालचाल, श्वसन, वाढ, चेतनाक्षमता.
परीक्षेत हमखास येतात.
त्या फरशीवर मीही थोडा वेळ बसले,
साडीला काय लागेल ते लागो.
खाली शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं.
एवढ्या वरून रोज खाली यायचा हा,
आणि मी पाच मिनिटांच्या उशिरासाठी
त्याला दाराबाहेर उभं करायचे.

रविवारी डब्यात कलेजी जास्त घेतली,
मुजम्मिलची मराठीची वही घेतली,
त्यात अर्धवट निबंध : माझा आवडता प्राणी.
नाक्यावर तीन रिक्षांनी
पावशेरकडे पाहून मान हलवली.
चौथा थांबला. वाकून बघत म्हणाला,
चावतो का?

मी म्हटलं, सातवीत आहे.

त्यानं मीटर टाकलं.