दृश्य चौदा : शांतता, दहा सेकंद

शत्रू म्हणजे माझा फ्रीज.
रात्री अकराला, सगळं लोता झोपल्यावर,
त्याच्या पाठीला माइक लावून मी ती घरघर धरली,
दानिलोनं ती निम्म्या वेगानं चालवली
आणि झालं त्यांचं यंत्र : वरून बर्फ पोखरत
आमच्या तळाकडे उतरणारं.

तळ एका चंद्रावर आहे. बर्फाखाली नऊ मैल.
वेढ्याचा एकेचाळिसावा दिवस.
माणसं चौदा, हवा अकरांपुरती.
आम्ही खरे पाच जण, रेडिओच्या मागच्या खोलीत,
खिडक्यांना गाद्या टेकवून बसलेले,
आणि शेजारच्या कोंबड्याला कुणी सांगावं
की भविष्यात कोंबडे नसतात.

हाडं मी सेलरीच्या दांड्यांची मोडते.
पोलादी दार : ओव्हनचं झाकण.
हेल्मेटमधला श्वास : मीच, रिकाम्या बरणीत तोंड घालून.
माणूस मरतो तेव्हा बटाट्याचं पोतं टाकते,
जरा जपून, कारण बटाटे परत घरी न्यायचे असतात.

कमांडर नोल्बेर्तो.
वय अठ्ठ्याहत्तर, वाचायला एकावर एक दोन चष्मे.
दानिलोला त्याचा खोकला हवा होता;
नटाला असा येत नाही म्हणाला.
येईल कसा? त्याला तीस वर्षं समुद्राखाली कोळसा खणावा लागतो,
डोक्यावर खडक,
खडकावर अख्खा पॅसिफिक.

दृश्य चौदा. दानिलोनं लिहिलं होतं :
यंत्र थांबतं. शांतता. दहा सेकंद.
नोल्बेर्तोनं कागद खाली ठेवला.
"खाली शांतता नसते, पोरा."
"मग काय असतं?"
"लाकूड असतं."

दुसऱ्या दिवशी तो खांद्यावर घेऊन आला
निलगिरीचा जुना टेकू, खुराड्यातून उपटलेला,
पुसलेला, पण पुरता नाही.
दार आणि जमिनीच्या मध्ये तिरका ठोकला
आणि दारावर सगळं अंग टाकलं.
लाकूड बोललं.
किंचित. दाताखाली खडा यावा तसं.
"लोखंड घुमं असतं," तो म्हणाला, "मुकाट्यानं मोडतं.
हे आधी कुरकुरतं. पळायला वेळ देतं.
सगळ्यांना नाही."

मग लाल दिवा.
फ्रीज थांबला. लाकूड कुरकुरलं.
आणि संहितेत नसताना नोल्बेर्तोनं
खिशातली घराची किल्ली काढून भिंतीवरच्या पाइपवर ठोकली :
तीन. थांबून दोन.
आणि पाइपला कान लावला.

आम्हाला वाटलं, काय अभिनय करतोय म्हातारा.
दानिलो बोटं दुमडत होता, सहा, सात,
दहा झाली तरी दुमडतच राहिला.
मी नोल्बेर्तोचा चेहरा पाहिला.
तो कुठल्याच चंद्रावर नव्हता.
ओठ हलत होते, माइकला ऐकू न येईल असं
कुणाचं तरी नाव घेत.

माझ्या हातात पितळी डाव होता,
पुढच्या दृश्यातल्या गोळीबारासाठी.
पाइपच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मी ठोकलं.
तीन.
थांबून दोन.

कथेत हे बसत नाही.
संहितेप्रमाणे पलीकडच्या बोगद्यात कुणी जिवंत नाही,
दहावा भाग उभाच आहे त्यावर.
दानिलो दोन्ही हातांत डोकं धरून बसला.
मग त्यानं दहावा भाग फाडला नाही,
नुसती घडी घातली आणि तिच्यावर बसला.

नोल्बेर्तो टोपी घालून निघाला तेव्हा
मला वाटलं, काहीतरी बोलेल.
बोलला :
"डाव नको होता. दगडानं ठोकतात."
आणि टेकू खांद्यावर टाकून चढ चढू लागला,
कोंबड्या रात्रभर बाहेर होत्या म्हणून घाईनं.

घरी भांडी विसळताना
मागे फ्रीज सुरू झाला.
मी नळ बंद केला,
आणि ओल्या हातांनी तशीच उभी राहिले,
पाइपजवळ,
जरा वाकून.