शेजारी

ताल्लिनमधली कचेरी, बाहेर उणे अकरा.
आत बारसं होतं एका यंत्रणेचं.
कुठल्या बुटांपाशी तुम्ही किती सेकंद रेंगाळलात
ते टिपून घेत
पानापानावर मागे येणारी.

कोडमध्ये तिला नुसतं 'माग' म्हणत.
चाचणीला आलेल्यांनी ते वाचलं
आणि माउसवरचा हात खिशात घातला.

मग मारिका म्हणाली, 'नाबेर'.
त्यांच्या भाषेत शेजारी.
मीठ मागायला येणारा,
आपण गावाला गेलो की कुंड्यांना पाणी घालणारा.

कोड तेच. एक ओळ हलली नाही.
बावीसपैकी एकोणीस जणांनी 'हो' दाबलं,
एकाने तर हसून.

विसावी लेइदा, वय एकोणऐंशी,
चष्मा पुसत राहिली.
"होता आम्हाला असा एक.
जिन्यात कुणाचे बूट किती वेळ दिसले
वहीत लिहायचा.
भला माणूस. मीठ द्यायचा."

कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरलं.

इतिवृत्तात मी लिहिलं: नाव ठेवलं.
कर्सर 'व'पाशी थांबून राहिला,
वर टिंब द्यावं की नको.

किती सेकंद, ते नाबेरला ठाऊक.