स्प्रिंगच्या खालचं

नाना पेठेत तांबोळीने
माझ्या पिकअपचं नवं चाक दोन्ही हातांनी तोललं,
खाली ठेवलं. मग जुनं तोललं.

"हौद्यात चार पोती टाका, साहेब,
स्प्रिंग सांभाळून घेईल.
हे वजन स्प्रिंगच्या खालचं.
याला सांभाळणारं कुणी नाही."

मी हसलो. चाकं दिसायला झकास होती.

पाबे घाटाच्या अलीकडे, खडीच्या उतारावर,
पहिल्याच दगडाला चाक उडालं
आणि खाली यायला विसरलं.
स्टिअरिंग हातात हलकं,
कुणाचंच नसल्यासारखं.
तेवढ्यात दुसरा दगड.

आता जुनीच चाकं आहेत.
नवी गच्चीवर. एकात
शुभदाने कढीपत्ता लावलाय.
केवढाही वारा सुटू दे,
कुंडी जागची हलत नाही.